गोळी हाती घेण्याआधी काय बघायचं?

वाचकांचे प्रश्न : परिचर्येचा अभ्यास

दुसऱ्या वर्षाच्या अडचणी लिहून पाठवा, असं मागच्या अंकात म्हटलं होतं. आलेली बहुतेक पत्रं फार्माकॉलॉजी आणि ॲडल्ट हेल्थ या दोनच विषयांची निघाली. (जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या, मुली आणि आम्ही जुनी माणसं त्याला अजून मेडिकल-सर्जिकलच म्हणतो.) एकाच अडचणीची पत्रं एकत्र केली आहेत. वॉर्डात आणि वर्गात मी मुलांकडून जे करून घेत आले, तेच इथे सांगते.

प्रश्न : मॅडम, मी बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या सेमिस्टरला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं. क्लासिफिकेशन, ॲक्शन, इंडिकेशन, साइड इफेक्ट असं सगळं ओळीने पाठ करते, पण चार दिवसांत सगळं एकमेकांत मिसळतं. इंटर्नलला डिगॉक्सिनवर शॉर्ट नोट आली आणि मी फ्रुसेमाइडचे साइड इफेक्ट लिहून आले. पाठांतर वाढवू की पद्धत बदलू?
— वाचक, अहमदपूर (जि. लातूर)

पद्धत बदल. तू कष्टात कमी पडलेली नाहीस. तू औषध डॉक्टरांच्या बाजूने पाठ करते आहेस. औषध लिहिणार ते, देणार तू, आणि दिल्यावर रुग्णाजवळ थांबणारही तूच. म्हणून परिचारिकेचं फार्मा 'हे औषध कोणत्या गटातलं' इथून सुरू होत नाही. देण्याआधी रुग्णाचं काय बघायचं, दिल्यावर काय बघायचं, इथून ते सुरू होतं. गट आपोआप मागून येतो.

तुझीच दोन औषधं घेऊ : हृदयाचं डिगॉक्सिन आणि लघवी वाढवणारं फ्रुसेमाइड. फिमेल मेडिकल वॉर्डात हार्ट फेल्युअरच्या एक आजी आहेत. पाठीशी उशा लावून बसल्यात, पावलांवर सूज, बोटाने दाबलं तर खळगा पडतो. केस शीटवर फ्रुसेमाइड ४० मिलीग्रॅम सकाळी आणि खाली डिगॉक्सिन ०.२५ ओडी (दिवसातून एकदा), पुढे ५/७. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस गोळी, दोन दिवस सुट्टी. आता गोळी हातात घेण्याआधी स्टेथोस्कोप घे आणि छातीवर डाव्या बाजूला एपेक्सवर, म्हणजे हृदयाच्या टोकाच्या जागी, ठेव. पूर्ण एक मिनिट मोज. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं इथे चालत नाही, कारण या रुग्णांचे ठोके बऱ्याचदा अनियमित असतात. मनगटावर का नाही? एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरतात तेव्हा, हृदयाचे काही ठोके इतके दुबळे असतात की मनगटापर्यंत पोचतच नाहीत. एपेक्सला ९६ आणि मनगटाला ८०, असं होतं. त्या फरकाला पल्स डेफिसिट म्हणतात आणि व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, तो विचारतात.

ठोके साठाच्या खाली असतील तर गोळी ट्रेमध्येच ठेवायची, डॉक्टरांना कळवायचं आणि चार्टवर लिहायचं. साठाच्या वर असले तरी लगेच गोळी देऊ नकोस. आधी आजींना विचार, "काल रात्री जेवलात का?" "अन्नावरची वासनाच गेलीय गं," असं त्या म्हणाल्या तर कान टवकार. भूक जाणं आणि मळमळ ही डिगॉक्सिन अंगात साठत चालल्याची अगदी पहिली खूण असते. दिव्याभोवती पिवळंहिरवं कडं दिसणं पुस्तकात ठळक अक्षरांत असतं, म्हणून मुली तेवढंच लिहितात. भूक मात्र त्याच्या आधी जाते.

मग रिपोर्टचा कागद उलगड आणि पोटॅशियम बघ. इथे फ्रुसेमाइड आलं. ते लघवीवाटे पाणी काढतं, आणि पाण्याबरोबर पोटॅशियमही जातं. रक्तातलं पोटॅशियम ३.५ च्या खाली गेलं की तोच डिगॉक्सिनचा डोस हृदयाला विषासारखा लागू शकतो. तुझ्या डोक्यात ही दोन औषधं मिसळली ती उगाच नाही. केस शीटवर ती एकाखाली एक असतात आणि एकाचा परिणाम दुसऱ्यावर होतो. तो धागा धरून लिहिलंस तर त्याच शॉर्ट नोटला पूर्ण गुण मिळतील.

फ्रुसेमाइडसाठी काय बघायचं? रोज सकाळी, नाश्त्याआधी, त्याच काट्यावर वजन. इनटेक-आउटपुट. उभं राहिल्यावर चक्कर येते का. संध्याकाळी उशिरा ते का देत नाहीत, तर रात्रभर बाथरूमला उठावं लागतं आणि अंधारात म्हातारं माणूस पडतं. बघ, हार्ट फेल्युअरचा निम्मा नर्सिंग केअर प्लॅन इथेच झाला. ॲडल्ट हेल्थचा वेगळा अभ्यास करायला बसलीच नाहीस तू. नव्या अभ्यासक्रमात हे दोन विषय तिसऱ्या-चौथ्या सेमिस्टरला शेजारीशेजारी ठेवलेत. ते एकाच वहीत शिक.

वहीचं पान असं आख : का दिलं, देण्याआधी काय बघू, दिल्यावर काय बघू, घरी जाताना काय सांगू. तळाला उतारा. हेपॅरिनला प्रोटामिन सल्फेट, वॉर्फरिनला व्हिटॅमिन के, पॅरासिटामॉलला एसिटिलसिस्टीन, मॉर्फिनला नॅलॉक्सोन. एका पानावर एकच औषध.

गट लक्षात ठेवायला नावांची शेपटं उपयोगी पडतात. 'ओलॉल' आलं की बीटा ब्लॉकर : नाडी बघ, दम्याचा रुग्ण आहे का विचार. 'प्रिल' आलं की एसीई इनहिबिटर : कोरडा खोकला, ओठ-जीभ सुजणं, पोटॅशियम वाढणं, आणि गरोदर बाईला नाही. 'सार्टान'ला खोकला कमी, बाकीची काळजी तीच. 'स्टॅटिन' असेल तर पाय-मांड्या दुखतात का विचार. पण शेपटावर आंधळा विश्वास ठेवू नकोस. ओमेप्राझोल ॲसिडिटीचं, फ्लुकोनाझोल बुरशीचं, मेट्रोनिडाझोल अमीबाचं. तिघांचा शेवट कानाला सारखाच लागतो. अझिथ्रोमायसिन, जेंटामायसिन आणि व्हँकोमायसिनही तीन वेगळ्या घरांतली आहेत. परीक्षक नेमके इथेच पकडतात.

इंग्रजीबद्दल एवढंच सांगते. समजून घे मराठीतून, अगदी बिनधास्त. लिहायचं मात्र ठरावीक छोट्या इंग्रजी वाक्यांत. 'अमुक तपासा, अमुक नोंदवा, अमुक दिसल्यास डोस थांबवा, डॉक्टरांना कळवा' अशी काही वाक्यं घोटून ठेवलीस की निम्मा पेपर त्यांतच निघतो. नर्सिंगच्या उत्तराला अलंकारिक भाषा लागत नाही.

प्रश्न : जीएनएम दुसऱ्या वर्षाला आहे. गणित दहावीलाच सुटलं असं वाटलं होतं. आता सलाईनचे थेंब, इंजेक्शनचे मिली आणि इन्सुलिनची युनिटं समोर आली की हात थरथरतो. सूत्र पाठ आहे, पण कुठे काय घालायचं कळत नाही.
— वाचक, आरमोरी (जि. गडचिरोली)

सूत्र एकच आहे : एकूण मिली गुणिले सेटचे थेंब, भागिले एकूण मिनिटं. गोंधळ दोन ठिकाणी होतो. तासांची मिनिटं करायची राहून जातात, नाहीतर सेट कुठला तेच बघितलेलं नसतं. आपल्याकडच्या साध्या सेटला एका मिलीचे २० थेंब, मायक्रोसेटला ६०. सेटच्या पाकिटावर छापलेलं असतं, ते वाचायची सवय लाव. परदेशी पुस्तकांतल्या गणितांत १० आणि १५ थेंबांचेही सेट असतात. प्रश्नात आकडा दिला असेल तर तोच घ्यायचा.

५०० मिली, चार तास, साधा सेट. ५०० गुणिले २० म्हणजे १०,०००. चार तास म्हणजे २४० मिनिटं. भागाकार ४१.६, म्हणजे ४२ थेंब. आता घड्याळ समोर धरून पंधरा सेकंदांत दहा-अकरा थेंब पडतात का बघ. हे वॉर्डात प्रत्यक्ष कर, कारण डोळ्याला ४२ ची गती एकदा कळली की कागदावर चुकून ४२० आलं तर तुलाच हसू येईल. मायक्रोसेटला तर गणितच नको. तासाला जितके मिली, मिनिटाला तितकेच थेंब.

इंजेक्शनचंही तसंच. अमिकासिन ३७५ मिलीग्रॅम द्यायचंय, व्हायलवर ५०० मिलीग्रॅम दोन मिलीत असं लिहिलंय. हवं ते भागिले आहे ते, गुणिले त्याचे मिली. उत्तर दीड मिली. आकडा आला की सिरिंज डोळ्यापुढे आण. स्नायूत द्यायच्या इंजेक्शनचं उत्तर १५ मिली येत असेल तर दशांशचिन्ह घसरलेलं असणार.

इन्सुलिनवर मात्र मी जरा थांबणार आहे, कारण इथे परीक्षेपेक्षा वॉर्डाची जास्त काळजी वाटते. पुस्तकातलं इन्सुलिन एका मिलीत १०० युनिटचं. आपल्या सरकारी वॉर्डांत येणारी व्हायल बहुतेक वेळा एका मिलीत ४० युनिटची. तिची सिरिंज वेगळी असते, लाल टोपीची, वर ४० खुणा. १०० युनिटवाल्या सिरिंजची टोपी केशरी. समज, डॉक्टरांनी २० युनिट लिहिले आणि हाताला ४० ची व्हायल नि १०० ची सिरिंज आली. २० च्या खुणेपर्यंत ओढलंस तर सिरिंजमध्ये आलं ०.२ मिली, म्हणजे फक्त ८ युनिट. साखर उतरणार नाही, डॉक्टर डोस वाढवतील. उलटं झालं, म्हणजे १०० चं इन्सुलिन आणि ४० ची सिरिंज, तर २० च्या जागी ५० युनिट जातील. मग तो रुग्ण घामाने निथळून बेशुद्ध पडेल. म्हणून व्हायलवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी धरून वाचायचे, मोठ्याने, दुसऱ्या सिस्टरला ऐकू जाईल असे. पेनच्या कार्ट्रिजमधून सिरिंजने इन्सुलिन कधीही ओढायचं नाही.

दोन इन्सुलिन एकत्र ओढायची तर आधी स्वच्छ दिसणारं रेग्युलर, मग ढगाळ एनपीएच. रेग्युलरचा जोर दोन ते चार तासांनी असतो. सकाळी साडेसातला दिलं तर साखर कोसळण्याची वेळ साडेनऊ ते साडेअकरा. नेमका तेव्हाच रुग्ण उपाशीपोटी सोनोग्राफीच्या रांगेत बसलेला असतो! 'पीक टाइम' लिहा म्हटलं की तो आकडा हे चित्र आठवून लिही, विसरणार नाहीस.

भाजलेल्या रुग्णाच्या गणितात एक सापळा असतो तोही सांगून ठेवते. पहिल्या चोवीस तासांत शिरेतून किती द्रव द्यायचा त्याचं पार्कलंड सूत्र : ४ मिली गुणिले वजन गुणिले भाजल्याचे टक्के. ५० किलो, ३० टक्के, म्हणजे ६,००० मिली. त्यातलं निम्मं पहिल्या आठ तासांत. हे आठ तास भाजल्यापासून मोजायचे, कॅज्युअल्टीत आल्यापासून नाही. बाई सकाळी आठला भाजली आणि दहाला आणली, तर ३,००० मिली उरलेल्या सहा तासांत, तासाला ५००.

प्रश्न : आमच्या ग्रुपने ठरवलं की सर्पदंश, विंचूदंश आणि फवारणीची विषबाधा ऑप्शनला टाकायची. मोठ्या पुस्तकात त्यावर जेमतेम पानभर आहे. बरोबर आहे ना?
— बी.एस्सी. नर्सिंग, चौथे सेमिस्टर, यवतमाळ

नाही. तुम्ही यवतमाळात राहून हे ऑप्शनला टाकताय, याचं मला वाईट वाटलं. मोठी पुस्तकं परदेशात लिहिलेली असतात आणि तिथल्या वॉर्डांत हे रुग्ण येत नाहीत. तुमच्याकडे ते येतात. २०१७ च्या पावसाळ्यात तुमच्याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करता करता किती शेतकरी आणि शेतमजूर दवाखान्यात भरती झाले, किती जीव गेले, ते घरी विचारा.

ऑर्गॅनोफॉस्फरसचा, म्हणजे फवारणीच्या कीटकनाशकाने बाधलेला, रुग्ण आला की औषधाआधी कपडे. हातमोजे घालून सगळे कपडे काढायचे, साबण-पाण्याने अंग, केस, नखांच्या कडा धुवायच्या. विष कातडीतून आत जातच असतं. तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी, अंगभर घाम, छातीत घरघर, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. मग त्याचा उतारा, ॲट्रोपिन. ते पुरेसं झालं हे कसं ओळखायचं? हा प्रश्न प्रत्येक व्हायवात येतो आणि 'बाहुल्या मोठ्या झाल्या की' एवढंच उत्तर मिळतं. बाहुल्यांवर विसंबू नका. स्टेथोस्कोपने छाती ऐका, घरघर थांबून ती स्वच्छ झाली पाहिजे. नाडी ८० च्या वर हवी. आणि काखेत हात घालून बघा. काख कोरडी लागली की औषध लागू पडलं. हे दर पाच-दहा मिनिटांनी बघायचं आणि वेळेसकट लिहायचं. उलट बाजूही बघायची : रुग्ण बरळायला लागला, ताप चढला, पोटातले आवाज बंद झाले, लघवी तुंबली, तर ॲट्रोपिन जास्त होतंय.

इथवर बरेच जण येतात. पुढचं मात्र फार थोड्यांना माहीत असतं. रुग्ण सावरला, बोलायला लागला, नातेवाईक घरी कधी नेऊ विचारू लागले, आणि एक ते चार दिवसांत त्याचा श्वास थकतो. याला इंटरमीडिएट सिंड्रोम म्हणतात. त्याची चाहूल लावायला यंत्र लागत नाही. दर फेरीला रुग्णाला सांगायचं, "दादा, उशीवरनं डोकं वर उचला बघू." कालपर्यंत उचलत होता आणि आज मान उचलवत नाही, तर तिथून धावत डॉक्टरांकडे जायचं. या एका वाक्याने माणूस व्हेंटिलेटरपर्यंत वेळेत पोचतो.

सर्पदंशात आपल्याकडचे चार लक्षात ठेवा. नाग आणि मण्यार नसांवर, घोणस आणि फुरसं रक्तावर. पापण्या मिटायला लागणं ही नसांवरच्या विषाची खूण. मण्यार चावल्याची जागा कित्येकदा दिसतही नाही. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखतंय म्हणून उठतो, एवढंच. रक्तासाठी वीस मिनिटांची चाचणी : कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं, मग हलकेच तिरकं करायचं. गोठलं नसेल तर विष भिनलंय. नळी काचेचीच हवी, आणि साबणाने धुतलेली चालत नाही. ही तयारी सिस्टरच करते, म्हणून ती तुम्हाला विचारणार. प्रतिविष लावताना ॲड्रेनॅलिन भरून हाताशी हवं.

विंचवाचं तर उत्तर जगाला आपल्या कोकणाने दिलंय. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन वापरून किती जणांना वाचवलं, ते त्यांचं काम वैद्यकाच्या मोठ्या नियतकालिकांत आहे. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुस्तकात प्राझोसिन रक्तदाबाच्या गोळ्यांच्या यादीत कुठेतरी तळाशी असतं. विंचवाच्या विषाने शरीरात जो अल्फा रिसेप्टरचा उद्रेक होतो, घाम फुटतो, हातपाय गार पडतात, फुप्फुसात पाणी भरतं, तो ही गोळी रोखते. देण्याआधी बीपी बघायचं, दिल्यावर रुग्णाला आडवंच ठेवायचं, एकदम उठू द्यायचं नाही. पोर असेल तर आईच्या कडेवर उभंसुद्धा नाही.

प्रश्न : मी वर्गातला ब्रदर. लेखी बरं जातं, व्हायवात अडकतो. एक्स्टर्नल मॅडम 'आधी काय करशील?' एवढंच विचारतात आणि मी 'डॉक्टरांना कळवीन' म्हणालो की पुढचा विचारतात.
— वाचक, पंढरपूर

कारण डॉक्टर येईपर्यंत रुग्णाजवळ तूच आहेस. प्रश्नातच लक्षणं सांगितली असतील तर पुन्हा 'तपासीन' म्हणू नकोस, कृती सांग. लक्षणं सांगितली नसतील तर आधी तपास.

रक्त चढत असताना थंडी वाजून आली, कंबर दुखायला लागली : आधी रक्त बंद. मग सेट बदलून नॉर्मल सलाईनने शीर चालू ठेवायची, मग डॉक्टर. पिशवी आणि सेट फेकायचा नाही, रक्तपेढीत परत जातो. पहिली पंधरा मिनिटं खाटेजवळून हलायचं नाही, हेही सांग. आयसीडीची (छातीत घातलेली) नळी बाटलीपासून निसटली : नळीचं टोक निर्जंतुक पाण्यात बुडव. सीओपीडीचा (फुप्फुसांच्या जुनाट आजाराचा) रुग्ण धापा टाकतोय : बसता कर, पुढे टेबलावर रेलू दे. ऑक्सिजन मोजून, सॅच्युरेशन ८८ ते ९२ पुरे, शंभर गाठायला जाऊ नको. साखर ७० च्या खाली आणि शुद्धीवर : साखरपाणी दे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपास. शुद्धीवर नाही : तोंडात काहीही घालायचं नाही, शिरेतून डेक्स्ट्रोज.

आणि पोटॅशियम क्लोराइड शिरेत थेट कधीही ढकलायचं नाही. 'कसं देशील' विचारलं तर पहिलं वाक्य हेच. पातळ करून, हळू, लघवी होते आहे ना ते बघून.

प्रश्न : माझी मुलगी नर्सिंगला आहे. रात्री एकेक वाजेपर्यंत वाचते आणि रडते. मी सातवी शिकलेय, तिचं पुस्तक मला वाचता येत नाही. मी तिला काय मदत करू?
— एक आई, जिंतूर (जि. परभणी)

ताई, तुम्ही पत्र लिहिलंत हे फार बरं केलंत. तुमच्या घरात बीपीची किंवा साखरेची गोळी कोणीतरी घेत असेल, तुम्ही स्वतःच घेत असाल. ते पाकीट घ्या आणि सुट्टीला आली की लेकीसमोर बसा. तिला विचारा : ही गोळी मी कशासाठी घेते? जेवणाआधी का नंतर? एक दिवस राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ का? माझे घोटे सुजतात ते हिच्यामुळे का?

अम्लोडिपिन असेल तर घोटे सुजणं तिच्या पुस्तकात आहे. मेटफॉर्मिन असेल तर ती जेवणाबरोबर का, आणि पोट का ढवळतं, तेही आहे. ती तुम्हाला मराठीत, तुम्हाला पटेल असं सांगेल. तुम्हाला कळलं नाही तर 'कळलं' म्हणू नका, पुन्हा विचारा. तिच्या प्रॅक्टिकलला आरोग्यशिक्षण म्हणून हेच करायला लावतात आणि तिथे मुली इंग्रजी शब्दांत अडकतात. तुमच्याएवढी चांगली परीक्षक तिला मिळणार नाही. गोळी बदलायची किंवा बंद करायची असेल तर मात्र डॉक्टरांनाच विचारायचं, हे तिला आणि तुम्हालाही सांगते.

रात्री एकपर्यंत वाचणं थांबवा. सकाळच्या पोस्टिंगला उभी राहणारी मुलगी आहे ती. अकराला दिवा बंद करायला लावा. ती रोजच रडत असेल, जेवत नसेल, तर हे अभ्यासाचं दुखणं नाही. वर्गशिक्षिकेला किंवा हॉस्टेलच्या वॉर्डनला भेटा, आणि एखाद्या समुपदेशकाकडे न्या. त्यात लाज नाही.

प्रश्न : खासगी रुग्णालयात आयसीयूला स्टाफ नर्स आहे. एनसीएलईएक्स (अमेरिकेतली नर्सिंग परवान्याची परीक्षा) द्यायची आहे. इतका अनुभव असून सराव प्रश्नांत निम्म्याहून जास्त चुकतात. आमचं शिक्षण कमी पडतं का?
— वाचक, सांगली

शिक्षण कमी नाही. तुम्ही प्रश्न तुमच्या आयसीयूत उभ्या राहून सोडवता आहात. तिथे माणसं कमी, खाटा जास्त, डॉक्टर हाकेच्या अंतरावर, म्हणून तुमचा हात पटकन फोनकडे जातो. ती परीक्षा असं धरून चालते की तुमच्याकडे पुरेसा वेळ आहे, सगळं साहित्य आहे आणि निर्णय तुमचा आहे. खाटेवरच्या कामासाठी नातेवाइकाला पाठवण्याचा पर्याय तिथे नसतोच. कोणतं काम सहायकाला द्यायचं आणि कोणतं स्वतःच करायचं, यावर मात्र भरपूर प्रश्न असतात : पहिलं मूल्यमापन, रुग्णाला शिकवणं आणि निर्णय घेणं नोंदणीकृत परिचारिकेनेच करायचं.

एप्रिल २०२३ पासून परीक्षेचं रूप बदललंय. एकाच रुग्णाची नोंदवही उलगडत जाते आणि त्यावर एकामागून एक प्रश्न येतात : काय दिसतंय, त्याचा अर्थ काय, आधी काय, करून फरक पडला का. प्रश्न किमान ८५, जास्तीत जास्त १५०, वेळ पाच तास. संगणक तुमच्या उत्तरांप्रमाणे प्रश्न सोपे-कठीण करत जातो, त्यामुळे प्रश्न कठीण येताहेत म्हणून घाबरू नका.

औषधांची नावं मूळ नावाने पाठ करा, ब्रँडने नाही. काही मूळ नावंही तिकडे वेगळी आहेत : पॅरासिटामॉल तिथे असिटामिनोफेन, साल्ब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल, ॲड्रेनॅलिन तिथे एपिनेफ्रिन, पेथिडीन तिथे मेपेरिडीन, ग्लिबेनक्लामाइड तिथे ग्लायब्युराइड. आपल्याकडे रोज हाताळतो ते टीबीचं शिक्षण तिकडेही विचारतात आणि तिथे तुम्ही पुढे असाल : रिफाम्पिसिनने लघवी केशरी होते आणि गर्भनिरोधक गोळी निकामी होऊ शकते, आयसोनियाझिडने हातपायांना मुंग्या येतात म्हणून पायरिडॉक्सिन, एथॅम्ब्युटॉलने लाल-हिरवा रंग ओळखेनासा झाला तर लगेच कळवायचं, पायराझिनामाइडने सांधे दुखतात.

चुकलेल्या प्रश्नांची वेगळी वही ठेवा. बरोबर उत्तर नुसतं उतरवू नका, तुम्ही निवडलेला पर्याय का चुकला ते एका ओळीत मराठीत लिहा. काही आठवड्यांनी ती वही चाळलीत की तुमच्या चुकांचे दोन-तीनच प्रकार आहेत असं दिसेल. आणि कागदपत्रं अभ्यास संपायची वाट बघत ठेवू नका. कॉलेजची गुणपत्रकं आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी-पडताळणी पाठवण्यात बराच वेळ जातो, तो अर्ज याच महिन्यात करून टाका.